पुनर्विकासात टक्के किती, हे नंतर. उरलेलं कुणाकडे जातं ते आधी

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आमची बोरिवलीतली सोसायटी १९७९ साली बांधलेली, तळमजला अधिक तीन. ४०० चौ. फूट कार्पेटची (भिंतींच्या आतल्या, वापरायच्या जागेची) २० घरं आणि रस्त्याला लागून २५० चौ. फुटांचे चार गाळे. प्लॉट १,००० चौ. मी., समोरचा रस्ता ४४ फुटी. एक बिल्डर ४० टक्के जादा जागा, प्रत्येकी तीन लाख कॉर्पस (पुढच्या देखभालीसाठी एकरकमी पैसे) आणि महिना २७ हजार भाडं देतो आहे. दुसरा थेट ६५ टक्के म्हणतो. मेट्रो आली, दर चढले, आजूबाजूला टॉवर उभे राहिले. पण शेजारच्या सोसायटीतली निवृत्त मंडळी नव्या इमारतीचा मेंटेनन्स झेपेना म्हणून घर विकून गेली. मी सेक्रेटरी आहे, पुढच्या महिन्यात विशेष सभा आहे. या सगळ्यात फायदा नक्की कुणाचा? आणि गेली कित्येक वर्षं आमच्या जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या काकांचं काय करायचं? – एक वाचक, बोरिवली

ताई, तुमच्या सभेत पहिले दोन तास ‘चाळीस की पासष्ट’ यावरच जातील. ते टाळायचं असेल तर सभेआधी एका कागदावर तुमच्या प्लॉटचा हिशेब मांडून सगळ्यांना वाटा.

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावली २०३४ प्रमाणे उपनगरात किती बांधता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा) १ वरच अडकतो. ३० मीटरच्या पुढे २.५ पर्यंत जातो. तुमचा ४४ फुटी म्हणजे १३.४ मीटरचा रस्ता. १२.२ ते १८.३ मीटरच्या गटात मूळ १, प्रीमियम (सरकारी शुल्क) भरून ०.५ आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) ०.७, मिळून २.२. म्हणजे २,२०० चौ. मी. त्यावर ३५ टक्के फंजिबल (एफएसआयच्या वर मिळणारं जादा क्षेत्र) धरलं की २,९७० चौ. मी., सुमारे ३१,९७० चौ. फूट बिल्टअप (भिंतींसकट). याला १.१ ने भागलं तर ढोबळमानाने २९,००० चौ. फूट कार्पेट हाती येतं.

सदस्यांचं आजचं कार्पेट ९,००० चौ. फूट. ४० टक्के वाढवून १२,६००. विकायला उरले १६,४००. हिशेबापुरता विक्रीचा दर ३०,००० रुपये चौ. फूट धरा (तुमच्या गल्लीतल्या ताज्या नोंदणीकृत व्यवहारांचा दर इथे घाला): ४९ कोटी २० लाख. आता खर्च. पार्किंग, जिने, लिफ्ट, गच्चीवरच्या टाक्या धरून प्रत्यक्षात ४८,००० चौ. फुटांच्या आसपास बांधावं लागतं. ४,५०० रुपये दराने २१.६ कोटी. प्रीमियम, टीडीआर आणि पालिकेची शुल्कं ६.५ कोटी धरू. तीन वर्षांचं भाडं, कॉर्पस, सामान हलवणं ३.२ कोटी. व्याज, जीएसटी, मुद्रांक, दलाली, आर्किटेक्ट ७ कोटी. एकूण ३८.३. उरले जवळपास ११ कोटी. हे सगळे आकडे उदाहरणाचे आहेत, पण हिशेबाची रीत हीच.

या रीतीने पाहिलं की जादा जागेचा प्रत्येक टक्का म्हणजे ९० चौ. फूट, २७ लाख रुपये. पासष्ट टक्के देणाऱ्या बिल्डरच्या ११ कोटींतले पावणेसात कोटी तुमच्याकडे वळतात आणि त्याच्या हातात चार कोटींच्या आसपास राहतात. त्याची विक्री आता ४२.४५ कोटींची. बाजार दहा टक्क्यांनी खाली आला की हे चार कोटी संपले. त्यानंतर पहिलं थांबतं ते तुमचं भाडं, कारण कंत्राटदार काम बंद करू शकतो आणि बँक टाच आणू शकते. तुम्ही तर घर आधीच रिकामं करून दिलेलं असतं. मुंबईत अर्धवट सांगाडे उभे राहतात त्यातले बरेच या गणितातून. पासष्टवाला लबाडच असेल असं नाही. पण त्याने त्याचा हिशेब लेखी दाखवावा. दाखवत नसेल तर तो बाजार चढेल या भरवशावर तुमची जमीन लावतो आहे.

चाळीसवाल्याकडेही डोळे उघडे ठेवून पाहा. त्याच्या ‘५६० चौ. फूट’मध्ये कोणतं कार्पेट आहे? तुमची ४०० चौ. फुटं बहुधा खोलीच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलेली आहेत. रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या) व्याख्येत घराच्या आतल्या भिंतींची जाडीही कार्पेटमध्ये धरतात. ती चारेक टक्के भरते. म्हणजे जुन्या मापाने तुम्हाला ५३७ चौ. फूट मिळतात आणि ४० टक्क्यांचे ३४ होतात. करारात ‘भिंती वगळून वापरण्याजोगं क्षेत्र’ असं लिहून घ्या आणि प्रत्येक घराचा मापांसह नकाशा जोडा.

एका शब्दाने काय होतं हे या शहराने गिरणगावात पाहिलं आहे. १९९१ च्या नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे गिरणीच्या सबंध जमिनीऐवजी फक्त तिथल्या मोकळ्या जमिनीला लागू झाले. गिरण्यांचा बहुतेक भाग शेड्सखाली होता. त्यामुळे मैदानं आणि परवडणाऱ्या घरांच्या वाट्याची जमीन आक्रसली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती दुरुस्ती टिकली. परळ-लोअर परळला पैसा कमी आला असं कुणी म्हणणार नाही. तो कुठे गेला हे ‘जमीन’ कशाला म्हणायचं त्यावर ठरलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं: फायदा त्याचा, ज्याच्या नावावर करारानंतर वाढणारी रक्कम लिहिलेली असते. सोसायट्यांच्या करारात बहुधा आजच्या एफएसआयचे टक्के असतात आणि पुढच्या वाढीबद्दल एक ओळही नसते. तुमच्याच नियमांत पाहा: फंजिबल २०१२ साली आलं, नवी नियमावली २०१८ साली. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकामाच्या प्रीमियमवर वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सूट दिली. ज्या सोसायटीच्या करारात ‘शुल्कातली सवलत’ हा शब्द नव्हता, तिच्या सदस्यांकडे त्यातलं काही येण्याचं कारणच नव्हतं. तीस वर्षांहून जुन्या सोसायटीला याच नियमावलीच्या ३३(७)(ब) खाली, सध्याच्या बिल्टअपच्या १५ टक्के किंवा प्रत्येक घरामागे १० चौ. मी., यातलं जे जास्त ते प्रीमियमशिवाय मिळतं. तुमची नुसती २० घरं धरली तरी २०० चौ. मी. ही सोसायटीच्या वयाची मिळकत आहे. बिल्डरच्या हिशेबात तिची बचत कुठे दाखवली आहे, हे विचारा.

करारात हे कलम आम्ही सुचवू: आराखडा मंजूर झाल्यानंतर, पण भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला खुली झाल्याचा पालिकेचा दाखला) मिळण्यापूर्वी, नियमबदलाने वाढीव क्षेत्र किंवा शुल्कमाफी मिळाली तर निव्वळ फायद्याचा निम्मा वाटा सोसायटीचा, आणि भोगवटा प्रमाणपत्रानंतर प्लॉटवर जे काही शिल्लक किंवा नव्याने मिळेल ते पूर्ण सोसायटीचं. पहिल्या भागावर घासाघीस होईल, बिल्डरला ६०, तुम्हाला ४० वर यावं लागेल. दुसऱ्यावर हटू नका.

आता शेजारच्या निवृत्त मंडळींबद्दल, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे आणि सभेत तो कुणी काढत नाही. मुंबईत २०२२ पासून ५०० चौ. फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. तुमची ४०० ची घरं आज त्यात बसतात. ५६० झाली की बाहेर, आणि कर नव्या इमारतीच्या भांडवली मूल्यावर. त्याच्या जोडीला मेंटेनन्स: दोन लिफ्ट, आग विझवण्याचे पंप, यांत्रिक पार्किंग असेल तर त्याची वार्षिक दुरुस्ती, रात्रंदिवस सुरक्षा. चौ. फुटाला १२ रुपये धरले तर ५६० ला महिना ६,७२० रुपये. आज २,५०० भरत असाल तर फरक वर्षाला ५०,६४०. साडेसहा टक्के व्याजातून एवढी रक्कम निघायला ७ लाख ७९ हजारांची ठेव लागते. तुम्हाला देऊ केलेत तीन लाख. म्हणजे फरकाच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी भागेल, आणि महागाई यात धरलेलीच नाही. शेजारी गेले ते याच खड्ड्यात.

यावर उपाय आहे, फक्त तो टेंडर काढण्याआधी करावा लागतो. प्रत्येक सदस्याकडून लेखी पर्याय मागवा: पूर्ण ५६० हवेत, की ४९० चौ. फुटांचं घर आणि उरलेल्या ७० चौ. फुटांचे पैसे. ३०,००० च्या दराने ते २१ लाख होतात. बिल्डर विक्रीदर देणार नाही, तो कमी म्हणेल. तरीही १२–१५ लाख ठेवीत पडले तर मेंटेनन्सचा प्रश्न सुटतो आणि घर करमाफीतही राहतं. त्या रकमेवर कर किती लागेल ते सीएला आधी विचारून घ्या. आर्किटेक्टला अशा सहा-सात घरांचा मजला वेगळा काढायला आता सोपं जातं. नकाशा मंजूर झाल्यावर तो ‘सुधारित आराखडा लागेल’ म्हणून हात झटकेल. आणि कॉर्पस सदस्यांच्या खात्यात न वाटता सोसायटीच्या नावे मुदतठेवीत ठेवून व्याज मेंटेनन्सला लावायचं की नाही, याचाही ठराव याच सभेत होऊ शकतो. आमचा कल ठेवीकडे. वाटलेला कॉर्पस फर्निचरमध्ये जातो.

गाळेवाल्यांचं गणित निराळं. घर तीन वर्षं दुसरीकडे भाड्याने मिळतं, गिऱ्हाईक मिळत नाही. त्यांना घरांच्या दराने भाडं देणं अन्याय आहे. व्यापारी भाड्याचा दर वेगळा ठरवा. नव्या इमारतीत गाळा रस्त्याकडेलाच, तळमजल्यावरच, आणि दर्शनी रुंदी किती फूट हे आकड्यात लिहा. २५० चा गाळा ३५० चा झाला, पण दहा फुटी तोंडाचं सात फुटी झालं, तर तो लहानच झाला. गाळ्यात कुणी भाड्याने धंदा करत असेल आणि करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल, तर त्या भाडेकरूला पुनर्विकासात हक्क नाही. त्याला निदान सहा महिने आधी सांगा. पागडी असेल तर गोष्ट वेगळी, वकील गाठा.

सभेची तयारी. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयाप्रमाणे, म्हणजे सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालच्या निर्देशांप्रमाणे, गणपूर्ती एकूण सदस्यांच्या दोनतृतीयांश आणि मंजुरी एकूण सदस्यांच्या ५१ टक्क्यांची लागते. तुमच्या २४ सदस्यांत १६ जण हजर हवेत, १३ जणांची संमती हवी. हजर असलेल्यांचे ५१ टक्के नव्हेत. इथे बऱ्याच सभा चुकतात. नोटीस १४ दिवस आधी. बिल्डर निवडीच्या सभेला निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी आणि व्हिडिओ चित्रण. समितीतल्या कुणाचा नातेवाईक बिल्डर असेल तर त्याला बाद धरा. प्रकल्प सल्लागार सोसायटीने नेमायचा आणि फी सोसायटीने द्यायची. ‘बिल्डर आला की तो देईल’ या बोलीवर नेमलेला सल्लागार कुणाचं काम करतो, हे सांगायला नको.

पण हे सगळं सुरू होण्याआधी एक कागद काढा: प्रॉपर्टी कार्ड. त्यावर सोसायटीचं नाव आहे का? १९७९ च्या कितीतरी सोसायट्यांची अभिहस्तांतरणं झालेलीच नाहीत, जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा जुन्या बिल्डरच्या नावे आहे. तसं असेल तर आधी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (मालकाने सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावे करण्याचा) अर्ज. नाहीतर वाढीव एफएसआयचा वाटा मागायला जुना मालक शेवटच्या क्षणी येतो. कार्डावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजणी जुळते का, रस्तारुंदीत किती जागा जाते, हे डीपी रिमार्कमधून (विकास आराखड्याबद्दलच्या पालिकेच्या शेऱ्यातून) पाहा. रुंदीकरणात ४० चौ. मी. गेले तर वरचा सारा हिशेब बदलतो. विमानतळाच्या उंचीची मर्यादाही तपासा. मजले चढवता आले नाहीत तर एफएसआय कागदावर राहतो.

करारातल्या बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो. बँक हमी प्रकल्पखर्चाच्या २० टक्के, आणि ती काम पुढे सरकेल तशी टप्प्याटप्प्याने सुटेल अशी. भाड्याचे पुढच्या तारखांचे धनादेश ही हमी नव्हे. पहिल्या वर्षाचं भाडं आगाऊ, दर अकरा महिन्यांनी दहा टक्के वाढ, दलाली आणि दोन वेळचा टेम्पो वेगळा. आसपासच्या चार सोसायट्या एकदम रिकाम्या झाल्या की बोरिवलीत भाडं चढतंच, २७ हजारांवर तीन वर्षं काढता येणार नाहीत. आयओडी (पालिकेची बांधकामाची प्राथमिक मंजुरी) हातात येईपर्यंत आणि प्रत्येक सदस्याचा कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदवून होईपर्यंत चावी देऊ नका. त्या करारावर, मूळ हक्काच्या जागेपुरतं, १०० रुपयांचं मुद्रांक पुरे, असं मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरवलं आहे. जास्तीची जागा विकत घेतली तर तिच्यावर शुल्क पडेल. जीएसटी बिल्डरचा, हे शब्दांत लिहा. मुखत्यारपत्र परवानग्यांपुरतं, सोसायटीची जमीन गहाण टाकण्याचा अधिकार त्यात नको. कर्ज काढायचं तर त्याने विक्रीच्या फ्लॅट्सवर काढावं. जुन्या सदस्यांना भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा मिळाल्याशिवाय नव्या खरेदीदारांना ताबा नाही.

रेराबद्दल एक गैरसमज सभेत नक्की निघेल. विक्रीच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, ही तरतूद नव्या खरेदीदाराच्या संरक्षणासाठी आहे. जुन्या सदस्याचं संरक्षण त्याच्या करारात आणि बँक हमीतच असतं.

स्वयंपुनर्विकासाचं कुणीतरी बोलेलच: बिल्डरच नको, ते ११ कोटी आपल्याकडेच. राज्य सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये त्यासाठी सवलती जाहीर केल्या, आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने अशा प्रकल्पांना कर्जं दिली आहेत. कागदावर हा सगळ्यात न्याय्य मार्ग आहे. पण मग दर दहा टक्क्यांनी घसरला तर चार-पाच कोटींचा तोटाही तुमचाच. ज्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीला तीन सभा लागतात, तिने याच्या वाटेला जाऊ नये. तुमच्याकडे महिन्याला आठ-दहा तास देणारे चार सदस्य आणि सुरुवातीच्या खर्चाला घरटी दोन-तीन लाख काढायची तयारी असेल, तर मात्र बिल्डरची टेंडरं मागवतानाच हाही पर्याय समोर ठेवा. नुसता ठेवला तरी आलेले आकडे सुधारतात.

विरोध करणाऱ्या सदस्यांना एवढं सांगा की बोलायचं ते सभेआधी, लेखी. बहुमताचा ठराव रीतसर झाला की एकदोघांनी अडवून धरणं न्यायालयं सहसा चालवून घेत नाहीत. पण सभेआधी दिलेला आक्षेप इतिवृत्तात जातो आणि करारात कलम होऊन येऊ शकतो.

इस्त्रीवाल्या काकांना कोणत्याही नियमात जागा नाही. ते सदस्य नाहीत, भाडेकरू नाहीत, आणि जिन्याखालची जागा नव्या इमारतीत अग्निशमनवाले मोकळीच ठेवायला लावतील. सोसायटीने ठरवलं तर मात्र करता येतं. सगळ्यांच्या मिळून वाट्यातून तळमजल्यावर ६० चौ. फुटांचा गाळा सोसायटीच्या नावावर घ्यायचा आणि त्यांना नाममात्र शुल्कावर वापरायला द्यायचा. वरच्या दराने तो १८ लाखांचा, सदस्यामागे ७५ हजार. मंजूर नकाशात तो गाळा म्हणूनच दाखवलेला हवा, नंतर पत्र्याची शेड मारली तर पालिका पाडेल. त्याला इस्त्रीच्या भाराचा वेगळा वीजमीटर लागेल. आणि बांधकामाची तीन वर्षं ते कुठे बसतील हेही याच ठरावात लिहा. समोरच्या सोसायटीच्या फाटकापाशी चार बाय सहा फुटांची जागा तिथल्या सेक्रेटरीशी बोलून मिळते का, ते सभेच्या आधी विचारून ठेवा.